ऐकून लिहिलेली पुस्तकं

गेल्या काही वर्षांत वाचलेल्यांपैकी सर्वांत चांगली पुस्तकं कोणती, ती सुचवा आणि का सुचवता तेही लिहा, असा प्रश्न आहे. ग्रंथालयाच्या देवघेव टेबलामागे बरीच वर्षं काढल्यामुळे हा प्रश्न माझ्या सवयीचा आहे. तिथे मात्र विचारणारा समोर असतो. त्याने याआधी काय नेलं होतं, ते अर्धवट परत आणलं की मुदत वाढवून घेतली, हे मला ठाऊक असतं आणि त्यावरून उत्तर बदलतं. इथे तसा आधार नाही. म्हणून माझी कसोटी आधी सांगते. तुमची आवड निराळी असेल तर तेवढी वजाबाकी करून वाचा.

पुस्तक परत करताना वाचक काय बोलतो याकडे माझं लक्ष असतं. 'भाषा काय सुंदर आहे' असं म्हणणारे बरेच भेटतात. थोडी पुस्तकं अशी असतात की वाचक लेखकाचं नावसुद्धा घेत नाही, आतल्या माणसांचीच चौकशी करत राहतो. ती बाई पुढे कशी जगली असेल, तो मुलगा तिथून वेळेवर निघून का गेला नाही. अशी पुस्तकं मी लक्षात ठेवते आणि सवड काढून पुन्हा वाचते. त्यांतल्या बहुतेकांमध्ये मला एक गोष्ट समान दिसली. ती लिहिणाऱ्यांनी लिहायला बसण्याआधी दीर्घकाळ ऐकलेलं आहे. कोणी शेकडो मुलाखती घेऊन, कोणी नदीकाठी नित्य जाऊन, कोणी आपल्याच लोकांनी दाबून ठेवलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा विचारून. खालची पुस्तकं प्रामुख्याने या गुणासाठी निवडली आहेत. त्यांतली काही अगदी ताजी आहेत, काही जुनी आहेत पण मी अलीकडे वाचली किंवा पुन्हा वाचली.

इझाबेल विल्करसन यांच्या 'द वॉर्म्थ ऑफ अदर सन्स'ला (२०१०) मी पहिला मान देते. १९१५ ते १९७० या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे निघून गेली. या स्थलांतराला कोणी पुढारी नव्हता, कोणी तारीख जाहीर केली नव्हती. ज्याच्या त्याच्या घरात ज्याचं त्याचं ठरलं आणि माणसं बाहेर पडली. विल्करसन यांनी १२०० हून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यातून तिघांचीच आयुष्यं सविस्तर सांगायला निवडली. आयडा मे ग्लॅडनी १९३७ मध्ये मिसिसिपीतून निघाली. दुसऱ्याच्या रानात वाट्याने कापूस पिकवणारं हे कुटुंब. टर्की चोरल्याच्या संशयावरून त्यांच्या नात्यातल्या एकाला मरणाच्या दारात नेईपर्यंत मारलं गेलं, आणि चोरीला गेलेले मानलेले ते पक्षी मागाहून आपोआप परतले. त्यानंतर या घरात राहण्याची चर्चाच उरली नाही. जॉर्ज स्टार्लिंग फ्लोरिडाच्या फळबागांत मजुरी वाढवून मागत होता. जिवावर बेतणार असं कळताच १९४५ मध्ये त्याने न्यूयॉर्क गाठलं, आणि मग रेल्वेत नोकरी धरून ज्या मार्गाने पळून आला त्याच मार्गावर तो वर्षानुवर्षं जा-ये करत राहिला. तिसरा रॉबर्ट फॉस्टर, शिकलेला सर्जन. १९५३ मध्ये तो स्वतःची मोटार घेऊन लुइझियानातून कॅलिफोर्नियाकडे निघाला आणि वाटेत एकामागून एक मोटेलांनी त्याला रात्रीपुरती खोली नाकारली.

६० लाख हा आकडा डोक्यात ठरत नाही. झोपेने डोळे मिटत असताना वाळवंटातून गाडी हाकणारा तो सर्जन मात्र कायमचा लक्षात राहतो, कारण हॉटेलवाल्याशी बोलण्याआधी त्याने मनात वाक्यं कशी जुळवली, कपडे कसे नीट केले, इथपर्यंत लेखिकेने ऐकून घेतलं आहे. पुस्तक मोठं आहे, ५०० पानांच्या पुढे जातं. तीन कथा आलटून पालटून येतात आणि बरेच वाचक पहिल्या शंभर पानांत अडकतात. गोंधळ होत असेल तर पहिल्या खेपेला फक्त आयडा मेच्या नावाची प्रकरणं वाचत जा. शेवटाला पोचलात की उरलेल्या दोघांसाठी तुम्ही आपणहून मागे याल, हा माझ्या वाचकांचा अनुभव आहे.

ऐकण्याची दुसरी टोकाची रीत स्वेतलाना अलेक्सिएविच यांची. २६ एप्रिल १९८६ च्या अणुभट्टी स्फोटावरचं त्यांचं 'चेर्नोबिल प्रेयर' १९९७ मध्ये रशियनमध्ये आलं. यात लेखिकेचे प्रश्न जवळजवळ दिसतच नाहीत, फक्त माणसं बोलतात. आग विझवायला गेलेल्या जवानाची तरुण बायको, मागे राहिलेली कुत्री-मांजरं मारण्यासाठी पाठवलेले शिकारी, बंदी मोडून आपल्या घरी परतलेल्या म्हाताऱ्या. हे ध्वनिमुद्रण जसंच्या तसं उतरवून काढलेलं नाही. कोण आधी बोलेल, कोण कुठे थांबेल, कोणाच्या बोलण्यानंतर कोणाचं ठेवायचं, ही सगळी रचना लेखिकेची आहे, आणि पुस्तकाचा अर्थ त्या रचनेतून तयार होतो. शिकाऱ्यांचं बोलणं वाचताना ही गोष्ट प्रकर्षाने जाणवते. पहिलं मनोगत, अग्निशमन दलाच्या जवानाच्या पत्नीचं, फार कठीण आहे. ते एकटं वाचून पुस्तक मिटून ठेवलंत तरी चालेल. पुढचं दुसऱ्या दिवशी. एका बैठकीत हे पुस्तक वाचून काढू नका. माणसांची बोलणी एकमेकांत मिसळून जातात आणि तो त्या माणसांवर अन्याय होतो.

हान कांग यांची 'ह्यूमन ॲक्ट्स' (कोरियनमध्ये २०१४) ही कादंबरी याच्या शेजारी वाचण्यासारखी आहे. मे १९८० मध्ये दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहरात लोकांच्या उठावावर लष्कराने गोळ्या चालवल्या. लेखिकेचा जन्म त्याच शहरातला; घटनेच्या थोडंच आधी तिचं कुटुंब सोलला राहायला गेलं होतं. प्रेतांची ओळख पटवण्याच्या कामात मदत करणारा डोंग-हो नावाचा शाळकरी मुलगा कादंबरीच्या मध्यभागी आहे. पहिल्या प्रकरणात निवेदन त्या मुलालाच 'तू' म्हणून संबोधतं. पुढे प्रत्येक प्रकरण वेगळ्या माणसाचं: मेलेला मित्र, सेन्सॉरशी झगडणारी संपादक, कैदी, गिरणीतली कामगार, शेवटी त्या मुलाची आई. वर्षं सरत जातात आणि त्या काही दिवसांचं ओझं कोणाच्या शरीरात कुठे जाऊन बसलं आहे, ते हळूहळू कळतं. हान कांग यांना २०२४ चं नोबेल मिळाल्यावर त्यांच्या 'द व्हेजिटेरियन'ला मागणी वाढली. तीही चांगली आहे, पण दोन्हींतली एकच वाचणार असाल तर माझं मत 'ह्यूमन ॲक्ट्स'ला. आईचं प्रकरण वाचताना घाई करू नका.

रहस्यकथा आवडणाऱ्यांना मी पॅट्रिक रॅडन कीफ यांचं 'से नथिंग' देते. डिसेंबर १९७२ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये जीन मॅकॉनव्हिल या दहा मुलांच्या विधवा आईला घरातून उचलून नेलं गेलं. तिचे अवशेष २००३ मध्ये एका समुद्रकिनाऱ्यावर सापडले. कोणी नेलं, का नेलं, आणि सगळी वस्ती इतकी वर्षं गप्प का राहिली, याचा हा शोध आहे. पानं भराभर उलटत राहतात, पण यात कल्पित काही नाही हे लक्षात आलं की वाचण्याचा वेग आपोआप मंदावतो.

आता छोट्या पुस्तकाकडे. क्लेअर कीगन यांची 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२१) शंभराच्या थोडी पुढे पानं असलेली कादंबरी आहे आणि गेल्या काही वर्षांत मी सर्वाधिक लोकांच्या हातात ठेवलेलं पुस्तक हेच. १९८५ चा नाताळ जवळ आलेला. आयर्लंडमधला कोळसा विकणारा बिल फर्लाँग, घरी बायको आणि पाच मुली. मठात कोळसा पोचवायला गेल्यावर त्याला कोळशाच्या कोठारात कोंडलेली एक मुलगी दिसते. अविवाहित मातांना आणि 'वाट चुकलेल्या' ठरवलेल्या मुलींना राबवून घेणाऱ्या अशा मॅग्डालेन धोबीखान्यांतला शेवटचा १९९६ मध्ये बंद झाला. आयर्लंडच्या सरकारने माफी मागितली ती २०१३ मध्ये. कादंबरीच्या कथेत यांतलं काहीही सांगितलेलं नाही. गावातल्या सगळ्यांना थोडं थोडं माहीत आहे आणि कोणीच पुरतं बोलत नाही, हेच तिने ऐकलं आहे. फर्लाँगची बायको वाईट नाही. मुलींच्या शाळेचं काय होईल, ही तिची काळजी अगदी खरी आहे. या पुस्तकावर मी वाचकांच्या बैठका घेतल्या तेव्हा दर वेळी खरा वाद त्या बायकोवरूनच झाला. कथेत खलनायक शोधण्याची सवय लागलेल्या वाचकाला ही कादंबरी फार उपयोगी पडते.

बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प'मधल्या १२ कथा याच जातीच्या आहेत. मूळ कन्नड कथा १९९० ते २०२३ या काळात लिहिलेल्या, इंग्रजी अनुवाद दीपा भास्ती यांचा. दोघींना मिळून २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला आणि कथासंग्रहाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. लेखिका वकील आहेत. घरात कोणाचं कधीच ऐकलं जात नाही याची नोंद घेण्याची त्यांची नजर त्या कामातूनही आली असावी, असं मला वाटतं. सगळ्या कथा सारख्या उंचीच्या नाहीत. रोज एक वाचा.

मराठीत याच काळात काही फार चांगलं आलं आहे, आणि पुरस्कार मिळूनही ते पुरेशा हातांत पोचलेलं नाही याची मला खंत आहे. कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणासाठी गाव उठतं, माणसं दुसरीकडे बसवली जातात, पण सगळीच जनावरं येत नाहीत. मागे राहिलेली म्हैस रानटी होते आणि तिला आणायला माणूस परत त्या सोडलेल्या मुलखात जातो. विस्थापनावर मराठीत भाषणबाजी खूप झाली. इथे विस्थापन म्हणजे काय ते माणूस आणि म्हैस यांच्या एकमेकांना ओळखण्या-न ओळखण्यातून उलगडतं. बोली दाट आहे. पहिली वीस-पंचवीस पानं मोठ्याने वाचा, कान सरावतो आणि मग अडचण राहत नाही. विल्करसन वाचून झाल्यावर लगेच 'रिंगाण' घेतलंत तर गाव सोडण्याच्या दोन अगदी भिन्न गोष्टी एकमेकींशी बोलायला लागतात.

मनोज बोरगावकर यांची 'नदीष्ट' (२०१९) गोदावरीच्या काठची. निवेदक रोज नदीत पोहायला जातो आणि काठावर भेटणाऱ्या माणसांशी त्याची ओळख वाढत जाते: मासे धरणारे, भिक्षेकरी, तृतीयपंथी. शहर ज्यांना ओलांडून पुढे जातं अशी ही माणसं. नदीवरच्या प्रेमात लेखक कधी कधी जास्त वाहून जातो, काही परिच्छेद आटोपशीर असते तर बरं झालं असतं. पण त्या माणसांशी बोलताना त्याचा सूर कुठेही उपकाराचा होत नाही, आणि ते फार अवघड असतं. देविदास सौदागर यांची 'उसवण' लहानशी कादंबरी आहे. तयार कपड्यांच्या लाटेत एका शिंप्याचं काम कसं आटत जातं, एवढाच विषय. लेखकाने स्वतः शिलाईकाम केलेलं आहे आणि ते पानोपानी कळतं. या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. धंदा बुडतो तेव्हा घरातलं बोलणं कसं बदलतं ते मला इतक्या नेमकेपणाने मराठीत क्वचितच वाचायला मिळालं आहे.

नंदा खरे यांची 'उद्या' (२०१४) माझ्या ऐकण्याच्या चौकटीत नीट बसत नाही. ती नजीकच्या भविष्याची कादंबरी आहे: माणसांवरची पाळत, सगळं व्यापणाऱ्या कंपन्या, मुलींची घटलेली संख्या. दहा वर्षांपूर्वी ती अतिशयोक्त वाटणाऱ्यांनी आता पुन्हा वाचावी. तिला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि खरे यांनी तो नम्रपणे नाकारला.

गीतांजली श्री यांची 'रेत समाधी' (२०१८) इंग्रजीतून वाचू नका, हा माझा आग्रह आहे. डेझी रॉकवेल यांचा अनुवाद उत्तम आहे आणि २०२२ चा आंतरराष्ट्रीय बुकर त्यालाच मिळाला, पण मराठी वाचकाला मूळ हिंदी थोड्या सरावाने कळतं, लिपीही तीच. नवरा गेल्यावर ८० वर्षांची आई सगळ्या घराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मग एके दिवशी उठते आणि जे जगते ते घरच्यांच्या कल्पनेपलीकडचं असतं. पहिला भाग संथ आहे. दारं, भिंती, काठ्या, कावळे, सगळ्यांना बोलायचं आहे. कथानकाची वाट बघत वाचलंत तर चिडचिड होईल. घरातला गोंगाट ऐकायला बसल्यासारखं वाचलंत तर ही कादंबरी हसवते, आणि सरहद्द ओलांडल्यावर हेलावून सोडते.

विज्ञानाचं एकच पुस्तक सुचवायचं तर एड यॉन्ग यांचं 'ॲन इमेन्स वर्ल्ड' (२०२२). प्रत्येक प्राण्याला जगाचा एक तुकडाच जाणवतो, आपल्यालाही, ही कल्पना याकोब फॉन युक्सक्युल या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडली होती. यॉन्ग तिचा धागा धरून एकेका संवेदनेत शिरतात. कुत्र्याचं नाक, शिंपल्यांतल्या स्कॅलॉपचे कडेने लावलेले कितीतरी डोळे, झाडाच्या दांड्यातून कंपनं पाठवून एकमेकांशी बोलणारे ट्रीहॉपर कीटक, विजेचं क्षेत्र ओळखणारे मासे. या कीटकांचं बोलणं आपल्या कानांना ऐकूच येत नाही. दांड्यातली कंपनं टिपून त्यांचा आवाज केला तेव्हा संशोधकांना ते ऐकता आलं. शेवटचं प्रकरण आपण केलेल्या उजेडाच्या आणि गोंगाटाच्या प्रदूषणाचं आहे, आणि आधीची सगळी प्रकरणं वाचल्यावर ते उपदेश वाटत नाही. ज्यांचा विज्ञानाशी शाळेनंतर संबंध तुटला अशा वाचकांनी हे पुस्तक मागून घेऊन वाचलेलं मी पाहिलं आहे.

बेंजामिन लाबातुत यांचं 'व्हेन वी सीझ टू अंडरस्टँड द वर्ल्ड' (स्पॅनिशमध्ये २०२०) मी सुचवते, पण सूचनेसह. हवेतल्या नायट्रोजनपासून खताचा मार्ग उघडणारा आणि रणांगणावर विषारी वायूही आणणारा फ्रिट्झ हाबर, युद्धआघाडीवरून आइन्स्टाइनला समीकरणाचं उत्तर पाठवणारा श्वार्झशिल्ड, मग हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर हे भौतिकशास्त्रज्ञ. पुस्तक पुढे सरकतं तसं कल्पिताचं प्रमाण वाढत जातं. पहिल्या प्रकरणात कल्पित परिच्छेद एकच आहे असं लेखकानेच शेवटी लिहिलं आहे; शेवटाकडे तो पुष्कळ मोकळा सुटतो. यातली माहिती कोणाला सत्य म्हणून सांगण्याआधी दुसरीकडे पडताळून घ्या. मी हे कादंबरीच्या कपाटात ठेवते.

आता दोन पुस्तकं जी मी अलीकडे एकापाठोपाठ वाचली आणि ज्यांनी एकमेकींना उजळून टाकलं. आनी एर्नो यांचं 'द इयर्स' (फ्रेंचमध्ये २००८) हे आत्मचरित्र आहे, पण त्यात 'मी' नाही. जुन्या छायाचित्रांचं वर्णन येतं, त्यातल्या मुलीला 'ती' म्हटलं जातं, बाकी सगळं 'आपण' आणि 'लोक'. सणाच्या जेवणाला जमलेल्या कुटुंबातल्या गप्पा पुन्हा पुन्हा येतात. युद्धानंतर थोरले युद्धाच्या आठवणी काढत असत. पुढच्या दशकांत टेबलावरचे विषय बदलत जातात आणि त्यातून एक देश बदलताना ऐकू येतो. एर्नो यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' याच्या अगदी उलट आहेत. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेलं हे आत्मकथन म्हणजे बोलणारा, हसणारा, रागावणारा सणसणीत 'मी'. वडिलांचं बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेण्याचं वेड, लहरी नवरा, १८९५ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर आलेली ताटातूट, आणि काही वर्षांनी तिने स्वतःच्या पायांनी केलेला प्रवास. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने बोलावं तसं लिहिलं आणि मराठी गद्याला असा मोकळेपणा दिला की तो आजही ताजा आहे. एर्नो वाचून मग हे वाचलं की लक्षात येतं, लक्ष्मीबाईंच्या 'मी'मध्येही किती माणसांचे आवाज आहेत. सासरा, शेजारणी, मिशनरी, दत्तूसारखी मुलं, प्रत्येकाची बोलण्याची ढब तिने राखली आहे. दुःखाच्या प्रसंगातही दुसऱ्याचं बोलणं ती जसं ऐकलं तसंच सांगते, आपल्या सोयीचं करून घेत नाही.

निवडताना मी काय टाळते तेही सांगते, कारण विचारणाऱ्यांपैकी बरेच जण तीच पुस्तकं मागतात. एका लेखात मावेल असा एक विचार ३०० पानांत ताणलेली यशाची आणि सवयींची पुस्तकं मी आपणहून देत नाही. वर्षअखेरीच्या याद्यांवर विसंबत नाही; पुरस्काराच्या विजेत्यापेक्षा लघुयादी पाहते, तिथे अधिक धाडसी पुस्तकं सापडतात. अनुवाद घेताना अनुवादकाचं नाव कुठे छापलं आहे ते बघते. ज्या प्रकाशकाला ते नाव दडवावंसं वाटतं, त्याने अनुवादावरही फारसे कष्ट घेतलेले नसतात, असं माझं निरीक्षण आहे. आणि पुस्तक आवडेना तर सोडून द्यायला संकोचू नका, फक्त ते पुस्तक वाईट आहे असं लगेच ठरवू नका. 'रेत समाधी' पहिल्यांदा अर्धवट परत करून वर्षभराने पुन्हा मागायला आलेले वाचक मला माहीत आहेत.

सुरुवात कुठून करायची? एक संध्याकाळ असेल तर कीगन. आठवडा असेल तर 'उसवण' आणि तिच्या पाठोपाठ 'रिंगाण'. मोठ्या सुट्टीसाठी विल्करसन. वाचनाची सवय मोडली असेल आणि ती पुन्हा लावायची असेल तर 'स्मृतिचित्रे' घ्या, कुठलंही पान उघडून वाचायला लागा. संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण तुम्ही पूर्णच मागा. संक्षेपात प्रसंग राहतात, लक्ष्मीबाईंचं वाटेत थांबून इकडचं तिकडचं सांगणं कमी होतं, आणि पुस्तकाची निम्मी गंमत त्यातच आहे.